झाकली मूठ आणि अकरा वर्षांची मुलगी

एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी अकरा वर्षांची, वर्गात सगळ्यांत ठेंगणी. 'आमच्याकडे मुली उशिराच उंच होतात' असं म्हणण्यात दोनेक वर्षं गेली. शेवटी डॉक्टरांनी गुणसूत्रांची तपासणी, म्हणजे कॅरिओटाइप करायला लावली आणि अहवालात '४५,एक्स' आलं. टर्नर सिंड्रोम, म्हणजे मुलींमधल्या दोनपैकी एक एक्स गुणसूत्र नसणं. तेव्हापासून रोज रात्री ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन चालू आहे. मुलीला सांगितलंय, व्हिटॅमिनचं आहे. इंजेक्शनच्या पेनावरचं लेबल बाबांनी नखाने खरवडून काढलं, फाइल कपाटात कुलपात ठेवली.

बाबांचं म्हणणं, "शिक्षण होऊ दे, कळती झाली की बघू. पुढे लग्नाचंही बघावं लागणार आहे. तोवर झाकली मूठ." सासूबाई म्हणतात, "आमच्याकडे असलं कुणाला नव्हतं." मग बोट वळतं ते आईच्या एका मावशीकडे: ती बुटकी होती आणि तिला मूल नव्हतं. आईचं मनही तिला खातंय. या मुलीच्या वेळी तिसऱ्या महिन्यात ताप आला होता, गोळ्या घेतल्या होत्या. त्यात धाकट्या बहिणीला आता दिवस गेले आहेत. तिला सावध करायचं तर घरातलं गुपित फुटणार. आणि परवा इंजेक्शन घेता घेता मुलीने विचारलं, "दादाला का नाही देत हे व्हिटॅमिन?"

आईचे प्रश्न तीन. हे माझ्यामुळे झालं का? मुलीला सांगायचं का, आणि कधी? बहिणीला सांगायचं का?

ताई,

पहिला प्रश्न आधी निकालात काढू. तो डोक्यात घोळत असेल तोवर दुसऱ्याकडे धड बघता येणार नाही. हे तुमच्यामुळे झालेलं नाही. तापामुळे नाही, गोळ्यांमुळे नाही, मावशीमुळे तर नाहीच. आईचं वय वाढलं की डाऊन सिंड्रोमची शक्यता वाढते हे अनेकांनी ऐकलेलं असतं, पण टर्नरचा आईच्या वयाशी तसा संबंध नाही.

आपल्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, २३ जोड्यांत. त्यातली एक जोडी मुलींमध्ये साधारणपणे एक्स-एक्स अशी असते आणि मुलांमध्ये एक्स-वाय. स्त्रीबीज किंवा शुक्रजंतू तयार होताना या जोड्या सुटतात आणि निम्मी गुणसूत्रं पुढे जातात. पत्ते वाटताना एखादं पान हातातून निसटावं, तसं कधी कधी एक गुणसूत्र या वाटणीत गळतं. कधी ते गर्भ राहिल्यानंतर, पेशींच्या अगदी पहिल्या काही विभाजनांत गळतं. मग शरीरातल्या काही पेशींत एक एक्स आणि काहींत दोन अशी मिश्र स्थिती होते, तिला मोझेक म्हणतात. कसंही झालं तरी तिसऱ्या महिन्यात तुम्हाला ताप आला त्याच्या कितीतरी आधी ते होऊन गेलेलं होतं. गर्भ राहिल्याचं तुम्हाला कळलंही नव्हतं तेव्हाची ही गोष्ट.

आता थोडी अडचणीची माहिती. फक्त एकच एक्स असलेल्या मुलींपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणींमध्ये तो उरलेला एक्स आईकडून आलेला असतो. म्हणजे गळालेलं गुणसूत्र बहुतेकदा वडिलांच्या बाजूचं. हे वाचून हायसं वाटलं असेल तर जरा थांबा. शुक्रजंतू तयार होताना अशी चूक कुणाच्याही शरीरात होते, त्यात वडिलांनी केलेलं किंवा न केलेलं काही नसतं. सासूबाईंच्या वाक्याला उत्तर म्हणून ही माहिती वापरलीत तर वाद जिंकाल, पण मुलीला त्या वादातून एकच गोष्ट ऐकू येईल: आपण कुणाच्या तरी चुकीतून आलो.

मावशींना काय होतं ते आता कुणी सांगू शकणार नाही. पण टर्नर असलेल्या बहुतेक स्त्रियांना आपोआप मूल होत नाही, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या खाली उतरायची त्याची रीतच नाही. अमेरिकेतले डॉक्टर हेन्री टर्नर यांनी १९३८ मध्ये सात जणींमधल्या या लक्षणांचं वर्णन केलं. एक एक्स गुणसूत्र नसणं हे त्याचं कारण मात्र १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स फोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. ज्या मुलीत ते सापडलं ती चौदा वर्षांची होती. मधल्या एकवीस वर्षांत 'हे कशामुळे' याचं उत्तर डॉक्टरांकडेही नव्हतं. तुमच्या हातात ते छापील कागदावर आहे. घरच्यांनाही तोच कागद घेऊन डॉक्टरांसमोर बसवा.

इथे इतर वाचकांसाठी एक गोष्ट, कारण या सदराकडे अशी पत्रं अधूनमधून येतात. तुमच्या मुलाच्या अहवालात अख्खं गुणसूत्र नव्हे तर त्याचा तुकडा नसल्याचं आलं असेल, उदाहरणार्थ बावीसाव्याचा लहानसा भाग नसलेला डायजॉर्ज सिंड्रोम किंवा पाचव्याच्या टोकाचा भाग नसलेला क्री द्यू शा, तर वरचं सगळं स्वतःला लावून घेऊ नका. तेही बहुतेकदा नव्यानेच घडलेलं असतं. पण काही घरांत आई किंवा वडिलांमध्ये तोच बदल सौम्य रूपात असतो, किंवा त्यांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते आणि त्यांना स्वतःला काहीच त्रास नसतो. तिथे आई-वडिलांची तपासणी लागते, पुढच्या गरोदरपणाआधी तर लागतेच.

अख्खं गुणसूत्र नसूनही मूल जन्माला येऊ शकतं, असं एकच गुणसूत्र आहे: एक्स. बाकीच्या बावीस जोड्यांपैकी कुठलंही एक सगळ्या पेशींतून पूर्ण गेलं तर गर्भ तग धरत नाही. एक्सचं निभावतं, कारण दोन एक्स असलेल्या स्त्रीच्या पेशींतही एक एक्स बराचसा मिटलेलाच असतो. बराचसा, पूर्ण नाही. त्याच्यावरची काही जनुकं जागी राहतात आणि त्यांच्या दोन्ही प्रती लागतात. हाडांच्या वाढीशी संबंधित शॉक्स नावाचं जनुक त्यातलंच. उंची कमी राहण्याचं मोठं कारण ते. आणि तरीही ४५,एक्स असलेल्या गर्भांपैकी सुमारे ९९ टक्के गर्भ जन्मापर्यंत पोचत नाहीत असा अंदाज आहे. जन्मलेल्या दोन ते अडीच हजार मुलींमागे एकीला टर्नर असतो. तुमच्या घरात जे बोलणं चाललंय ते सगळं मुलीत काय नाही याबद्दल. इतकी चाळण पार करून ती इथे आली आहे, हेही त्या बोलण्यात कधी यावं.

आता मूळ प्रश्न. सांगायचं का, असं तुम्ही विचारलंय. मला वाटतं तो प्रश्न तुमच्या हातात राहिलेला नाही, कारण विचारणं मुलीनेच सुरू केलंय. दादाला हे व्हिटॅमिन मिळत नाही, हे तिने टिपलंय. खरवडलेलं लेबल तिने पाहिलं नसेल असं समजू नका. पेन रोज तिच्या मांडीजवळ येतं. आपण खोलीत आलो की मोठी माणसं विषय बदलतात हे अकरा वर्षांच्या मुलीला कळतं आणि तिला वाचताही येतं, दवाखान्याच्या दारावरची पाटीसुद्धा. तुम्ही तिला माहितीपासून दूर ठेवलेलं नाही. अर्धवट माहिती देऊन उरलेलं तिच्या कल्पनेवर सोडलंय, आणि मुलं अशा वेळी जे कल्पतात ते बहुधा खऱ्याहून भयंकर असतं.

'कळती झाली की' ही तिच्या बाबांची अट मला समजते. पण कळती म्हणजे कधी, हे त्यांनी ठरवलेलं नाही आणि औषधोपचार तेवढे थांबणार नाहीत. टर्नर असलेल्या बहुतेक मुलींमध्ये अंडाशय लवकरच काम थांबवतात, बऱ्याच जणींत तर जन्माच्या आसपासच. म्हणून वयात येण्यासाठी लागणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन बाहेरून द्यावं लागतं. वयात येणं आपोआप सुरू होण्याची चिन्हं नसतील तर साधारण अकरा-बारा वर्षांच्या वयात अगदी कमी मात्रेने पॅच किंवा गोळ्यांनी सुरुवात करतात, दोन-तीन वर्षांत मात्रा वाढवतात, मग प्रोजेस्टेरॉनची जोड देतात. हे उपचार पाळी एरवी ज्या वयात जाते तिथपर्यंत, म्हणजे पन्नाशीच्या आसपासपर्यंत चालतात. म्हणजे तुमच्या मुलीच्या बाबतीत ही वेळ या वर्षातच आली आहे. त्यालाही व्हिटॅमिन म्हणणार? चाळीस वर्षं?

आणि का घ्यायचं हे माहीत नसलेलं औषध किशोरवयीन मूल टाळतं. आज तुम्ही सुई टोचताय म्हणून चाललंय. चौदाव्या वर्षी ती मैत्रिणीकडे राहायला जाईल तेव्हा पेन बॅगेत भरायचं की नाही, हे तीच ठरवेल.

टर्नर असलेल्या प्रौढ स्त्रियांच्या मुलाखती घेऊन झालेल्या अभ्यासांत एक गोष्ट वारंवार पुढे येते. निदान कळल्याचं दुःख असतंच, पण आई-वडिलांना सगळं माहीत होतं आणि आपल्याला फिरवाफिरवीची उत्तरं मिळत राहिली, ही जखम वेगळी आणि जास्त काळ ओली राहते. कुणाला फाइल चाळताना कळतं, कुणाला एखाद्या डॉक्टरच्या तोंडून सहज निसटलेल्या वाक्यातून. तुमच्या मुलीला ते तुमच्याकडून कळावं एवढीच निवड सध्या तुमच्या हातात आहे.

मग कसं? आधी हे मनातून काढा की एक दिवस तिला समोर बसवून सगळं सांगायचं आणि मोकळं व्हायचं. ही गोष्ट तुकड्यातुकड्यांनी वर्षानुवर्षं चालणार. पहिला तुकडा फक्त खोटं मागे घेण्याचा. इंजेक्शनच्या वेळी नको, झोपायच्या आधी नको, परीक्षेच्या आदल्या दिवशी तर नकोच. सुट्टीची सकाळ बरी, म्हणजे नंतर दिवसभर तिला पुन्हा पुन्हा येऊन विचारता येईल. जमलं तर तुम्ही दोघंही असा. बोलणं साधारण असं असू शकतं:

"तू विचारलंस ना, दादाला का नाही. ते व्हिटॅमिन नाहीये. तुझी उंची वाढावी म्हणून हार्मोनचं औषध आहे. आम्ही तुला आधी खरं सांगितलं नाही, कारण कसं सांगायचं ते आम्हाला कळत नव्हतं. तसं करायला नको होतं. आता तू काहीही विचार, खरंच उत्तर देऊ. आम्हाला माहीत नसेल तर डॉक्टरांना विचारू."

बस्स, एवढंच. मग गप्प बसा. गप्प बसणं यातला सगळ्यात अवघड भाग असतो.

त्याच दिवशी किंवा दोन-चार दिवसांत नाव सांगा. नाव लपवू नका. नाव ही अशी गोष्ट आहे की मिळाली की मूल ते इंटरनेटवर टाकणारच. म्हणून पहिल्यांदा शोधताना शेजारी बसा. तिथे मानेला त्वचेचे पडदे असलेल्या, सुजलेल्या पायांच्या मुलींची चित्रं येतील, बरीचशी जुन्या वैद्यकीय पुस्तकांतली. विद्यार्थ्यांना शिकवायला ठळक लक्षणं असलेलीच उदाहरणं निवडतात, हे तिला सांगा. पत्ते निसटण्याचं उदाहरण अकरा वर्षांच्या मुलीला कळतं. एक एक्स नाही हे ऐकून ती कदाचित विचारेल, "मग मी मुलगीच आहे ना?" या प्रश्नाने दचकू नका. उत्तर 'हो' आहे, आणि ते न अडखळता द्यायचं.

आडवळणं घेऊ नका, याला एक खास कारणही आहे. टर्नर असलेल्या मुलींची बुद्धी सर्वसाधारणपणे इतरांसारखीच असते. बोलणं, वाचन, शब्दसंपत्ती तर अनेकींची चांगली असते. पण काहींना नकाशे, भूमिती, आकडेमोड जड जाते आणि काहींना समोरच्याच्या चेहऱ्यावरचे, आवाजातले बारीक इशारे पकडायला त्रास होतो. अशा मुलीला 'तू समजूतदार आहेस, तुला कळलंच असेल' म्हणून सोडून देणं म्हणजे न सांगण्यासारखंच आहे. सरळ वाक्यात सांगा आणि तिला काय समजलं ते तिच्या शब्दांत विचारा.

"त्यात काय एवढं" असं म्हणू नका. रोज सुई घेणाऱ्या मुलीला त्यात काय एवढं ते माहीत असतं. दुसऱ्या टोकाला जाऊन "तू किती खास आहेस" हेही नको. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या, पण तिलाच तुमची समजूत काढावी लागेल अशी वेळ आणू नका. तुमचं रडणं आधी नवऱ्यापाशी, समुपदेशकापाशी मोकळं करून या. ज्यांच्या मुली याहून लहान आहेत त्यांचं काम सोपं आहे: सहा वर्षांच्या मुलीला 'तुझं शरीर हळू वाढतं, म्हणून त्याला मदत करायची' एवढं पुरतं, आणि पुढचं त्यावर रचत जाता येतं.

बाळाचा प्रश्न. तुम्ही दोघं ज्याला सगळ्यात जास्त घाबरताय तो हाच, असं पत्रावरून दिसतं. ती विचारेपर्यंत थांबलात तरी चालेल, पण विचारल्यावर टाळलंत तर चालणार नाही, आणि तेरा-चौदापर्यंत तिने विचारलं नाही तर तुम्हीच विषय काढा. आधी तुम्हाला काही गोष्टी नीट माहीत हव्यात. टर्नरमध्ये गर्भाशय सहसा असतो. हार्मोनच्या उपचारांनी तो वाढतो, पाळी येते. अडचण स्त्रीबीजांची असते. थोड्या मुलींना, विशेषतः मोझेक असलेल्यांना, आपोआप पाळी येते. टर्नर असलेल्या शंभरात पाचेक जणींना नैसर्गिकरीत्या दिवसही जातात. काहींमध्ये लहान वयात स्त्रीबीजं शिल्लक असतात आणि ती गोठवून ठेवण्याचा विचार करता येतो. पण ती झपाट्याने संपतात, म्हणून स्त्रीबीजं किती शिल्लक आहेत याचा अंदाज देणाऱ्या एएमएच या रक्ततपासणीबद्दल आत्ताच डॉक्टरांना विचारा, पाच वर्षांनी नव्हे. मुलीपासून गुपित ठेवून हा निर्णयच घेता येणार नाही, हेही तिच्या बाबांना सांगा. पुढे दात्या स्त्रीच्या बीजापासून गर्भधारणा होऊ शकते, पण त्याआधी हृदयाची आणि महाधमनीची, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीची, कसून तपासणी लागते, कारण गरोदरपणाचा ताण टर्नर असलेल्या काही स्त्रियांच्या महाधमनीला झेपत नाही. दत्तक आहे. मूल नको हा पर्यायही आहे.

तिला सांगताना एवढं सगळं लागत नाही. "बहुतेक तुला आपोआप बाळ होणार नाही. आई व्हायच्या दुसऱ्या वाटा आहेत. तुला व्हायचंय का हे तू मोठी झालीस की ठरव." 'विज्ञान पुढे जाईल तोवर' अशी आशा लावू नका. आणि एक गोष्ट तपासून बघा. नातवंडं नसण्याचं दुःख तुमचं आहे, ते खरंही आहे, पण अकरा वर्षांच्या मुलीला आज त्याचं ओझं नाही. तिला आज कदाचित एवढंच हवंय की वर्गात कुणी तिला उचलून बाकावर उभं करू नये.

तिच्या बाबांबद्दल. मला ते निष्ठुर वाटत नाहीत, घाबरलेले वाटतात. पण ते दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करताहेत. मुलीला सांगणं वेगळं, जगाला सांगणं वेगळं. झाकली मूठ जगासाठी ठेवायला माझी हरकत नाही. प्रत्येक नातेवाइकाला अहवाल दाखवायची काहीच गरज नाही. पण मूठ ज्या हाताची आहे तिला तरी आत काय आहे ते माहीत हवं. त्यांना हे तुमच्याकडून पटत नसेल तर पुढच्या भेटीला सोबत न्या आणि डॉक्टरांना त्यांच्यासमोर विचारा, "मुलीला कधी सांगावं?" वयाला साजेल अशा भाषेत लवकर सांगावं, हेच जगभरचे यातले तज्ज्ञ सांगतात. जनुकीय समुपदेशक उपलब्ध असेल तर त्याहून उत्तम. घरच्यांना एकत्र बसवून बोलणं हे त्यांचं रोजचं काम आहे.

शाळेत किती सांगायचं हे मुलीबरोबर ठरवा. वर्गात कुणी विचारलं तर म्हणायला एक तयार वाक्य द्या: "माझी उंची हळू वाढते, औषध चालू आहे." शिक्षकांना गुणसूत्रांचा इतिहास नको असतो, तिला पुढच्या बाकावर बसवा, ऐकू येतंय ना ते बघा, गणितात अडली तर वेळ द्या, एवढं त्यांना पुरतं. आणि तिला वयाप्रमाणे वागवा, उंचीप्रमाणे नव्हे. ठेंगण्या मुलीला घरातही सगळे नकळत दोन-तीन वर्षांनी लहान धरतात. दादाला सांगायचं ते तिला सांगून झाल्यावर आणि तिला विचारून.

आता एक गोष्ट मला जरा कडक शब्दांत लिहावी लागणार. तुमच्या पत्रात उंची आहे, पाळी आहे, लग्नाची काळजी तर पानभर आहे. हृदयाचा उल्लेख एकदाही नाही. ग्रोथ हार्मोनने काही सेंटीमीटर मिळतात, वर्षानुवर्षं दिल्यावर साधारण पाच ते आठ. ते मोलाचे आहेत, कारण उपचारांविना उंची घरातल्या इतर स्त्रियांपेक्षा सरासरी वीसेक सेंटीमीटर कमी राहते. पण टर्नरमध्ये जिवाला धोका असतो तो हृदयाकडून. महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या असणं, महाधमनी एके ठिकाणी अरुंद असणं, पुढे ती फुगत जाणं. निदान झालं की लगेच इकोकार्डिओग्राम, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी हवी. इकोत महाधमनीचा सगळा भाग नीट दिसत नाही, म्हणून मूल न हलता पडून राहू शकेल एवढं मोठं झालं की हृदयाचा एमआरआय करतात. अकरा वर्षांच्या मुलीला ते जमतं. सगळं ठीक निघालं तरी ठराविक वर्षांनी पुन्हा बघावं लागतं, आणि रक्तदाब प्रत्येक भेटीत मोजायचा. छातीत किंवा पाठीत अचानक तीव्र कळ आली तर तातडीच्या विभागात 'टर्नर आहे' हे पहिल्या वाक्यात सांगावं लागतं. ते वाक्य ज्या मुलीला माहीतच नाही ती कसं सांगणार?

बाकीचं थोडक्यात. मूत्रपिंडांची सोनोग्राफी एकदा. थायरॉइड दरवर्षी, कारण तो बिघडण्याचं प्रमाण जास्त आहे. गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा करणारा सीलिअॅक आजारही यांच्यात अधिक दिसतो, त्याची रक्ततपासणी दर काही वर्षांनी. साखर आणि यकृताच्या चाचण्या आता या वयापासून वर्षाला. कान वारंवार फुटत असतील तर दुर्लक्ष नको. ऐकू येण्याची तपासणी तशीही दर तीन-पाच वर्षांनी हवी, पुढे बहिरेपण हळूहळू येऊ शकतं. आणि कॅरिओटाइपच्या अहवालाबद्दल एक प्रश्न नक्की विचारा: कुठल्या पेशींत वाय गुणसूत्राचा अंश दिसला का? काही जणींत तो असतो, आणि असला तर अंडाशयाच्या जागी गाठ होण्याचा धोका असल्याने ते काढण्याचा सल्ला देतात. ही सगळी यादी फाइलच्या पहिल्या पानावर लिहा आणि ती फाइल कुलपातून बाहेर काढा. तेरा-चौदाव्या वर्षापासून प्रत्येक भेटीत थोडा वेळ मुलीला डॉक्टरांशी एकटीने बोलू द्या. बालरोग विभागातून मोठ्यांच्या विभागात जाताना अनेक मुली तपासण्यांतून सुटतात. आई-वडिलांच्याच डोक्यात सगळं असेल तर हमखास.

राहिली तुमची बहीण. मुलीमध्ये जे घडलं ते तिच्यापुरतं घडलं. त्यामुळे बहिणीच्या बाळाला टर्नर असण्याची शक्यता इतर कुणाहून वाढत नाही. तिने तुमच्या मुलीमुळे वेगळी कुठली तपासणी करायची गरज नाही. कुणाच्या सांगण्यावरून तिने आईच्या रक्तातून होणारी गुणसूत्रांची चाचणी केलीच, तर एक्सच्या बाबतीत ती बऱ्याचदा खोटा इशारा देते. असा इशारा आला तर गर्भजलाच्या तपासणीने खात्री केल्याशिवाय कुठलाही निर्णय घेऊ नये. म्हणजे वैद्यकीय कारणासाठी तिला आत्ता काही सांगणं भाग नाही. मन मोकळं करायला तुम्हाला बहीण हवी असेल, तर ते कारणही पुरेसं आहे. फक्त क्रम बदलू नका: आधी मुलीशी बोला, मग तिला विचारा, "मावशीला सांगू का?" ती नाही म्हणाली तर काही महिने थांबा आणि पुन्हा विचारा.